कात्रणांचं पुस्तक कसं करावं, आणि पुढे वर्गात काय शिकवावं

निवृत्तीच्या आसपास पोचलेले बातमीदार भेटले की बोलणं हमखास तीन गोष्टींवर येतं. घरात कात्रणांचे गठ्ठे पडलेत, त्यांचं पुस्तक करायचंय, आणि कुठल्याशा विद्यापीठातून शिकवायला बोलावणं आलंय. मी या तिन्ही वाटा चालले आहे. मराठवाड्यातल्या एका दैनिकात प्रूफं वाचण्यापासून सुरुवात झाली. मग लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या भागात बातमीदारी केली, नंतर पुस्तकं लिहिली आणि आता पत्रकारितेच्या मुलांना शिकवते. यातून कामाची जी रीत बसली ती इथे लिहिते आहे. ज्यांच्या नोकरीला जेमतेम पाच वर्षं झाली आहेत त्यांनी ती आधी वाचावी, कारण पुस्तकाची खरी तयारी नोकरीत असतानाच होते.

वही

गावात दिवसभर फिरून तुम्हाला जे कळतं त्यातलं फार थोडं छापून येतं. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान लवकर सुटतं, जागा दोन कॉलमची असते, आणि उपसंपादक मजकूर शेवटाकडून कापतो. त्याचं काम तेच आहे. पण कापलेल्या भागात बहुतेक वेळा बाजारातला भाव असतो, म्हातारीचं एखादं वाक्य असतं, विहिरीची खोली असते. पुढे पुस्तकाला नेमकं हेच लागतं. म्हणून बातमी पाठवली की वही संपली असं समजू नका.

वहीचं पान उघडलं की वर तारीख, गाव आणि वेळ लिहा. फक्त उजव्या पानावर लिहायचं, डावं कोरं ठेवायचं. रात्री मुक्कामाला पोचल्यावर दिवसभराच्या नोंदी वाचून जे सुटलं ते डाव्या पानावर भरायचं: कोण मध्येच उठून गेलं, कोणत्या प्रश्नावर सगळे गप्प झाले, वास कसला होता. माणसाचं पूर्ण नाव, अंदाजे वय, वाडी किंवा तांडा, आणि तो कुणाच्या शेतात राबतो हे लिहा. बोललेलं वाक्य अवतरणात घ्यायचं असेल तर त्याच्या बोलीतच घ्या. 'हितं' म्हणाला असेल तर वहीत 'इथे' लिहू नका. छापताना काय ठेवायचं ते पुढे ठरवता येतं. आकडा कुणी दिला हे आकड्याशेजारीच लिहा. तलाठ्याचा आकडा, सरपंचाचा आकडा आणि ज्याचं नुकसान झालं त्याचा आकडा, तिन्ही वेगळे निघतात आणि तिन्ही कामाचे असतात.

वही भरली की शेवटच्या दोन पानांवर सूची करा: गावं, माणसं, विषय, समोर पान क्रमांक. अर्ध्या तासाचं काम आहे. ते त्याच आठवड्यात करा, नंतर होत नाही.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत असाल तर जरूर करा, पण वही सोडू नका. रेकॉर्डिंगमध्ये बोललेलं सापडतं, समोरच्या चुलीवर काय शिजत होतं ते सापडत नाही.

कागद सांभाळणं

वृत्तपत्राचा कागद पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. कात्रण कापण्याआधी पूर्ण पानाचा स्कॅन किंवा चांगला फोटो घ्या, कारण बातमी कोणत्या पानावर होती, शेजारी काय होतं, मथळा किती कॉलमी होता, हाही इतिहासच असतो. कात्रणाच्या मागे पेन्सिलने तारीख आणि आवृत्ती लिहा. सेलोटेप लावू नका; काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन अक्षरं खातो. फॅक्सच्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं उडत जातात, त्याची झेरॉक्स आजच काढा. कॅसेट असतील तर त्या डिजिटल करणारी दुकानं अजून आहेत तोवर काम उरकून घ्या.

डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं लावायला लागलो त्या काळातल्या फाइल्स हा एक वेगळाच त्रास आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर आजच्या संगणकावर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतो. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, पण बदललेला मजकूर ओळीने वाचा. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, 'ऱ्या' तुटतो, काही जोडाक्षरं गायब होतात, आणि आकडे तर हमखास तपासा. छापील कात्रण शेजारी ठेवून हे मुद्रितशोधन करायचं. प्रूफं वाचलेला माणूस हाताशी असेल तर त्याला मोबदला देऊन हे काम करून घ्या.

मजकूर कुणाचा

पुस्तकाआधी नेमणूकपत्र शोधून वाचा. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि त्याच्या १७व्या कलमात पत्रकारांसाठी महत्त्वाची तरतूद आहे. वृत्तपत्राच्या नोकरीत त्या वृत्तपत्रासाठी लिहिलेला मजकूर वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता मालकाचा, आणि बाकी सर्व बाबतींत, म्हणजे पुस्तकासाठीही, लिहिणाऱ्याचा. अट एकच, याच्या उलट करार झालेला नसावा. नव्या करारपत्रांमध्ये तसं कलम असू शकतं, म्हणून वाचून घ्यायचं. कलम असेल तर संस्थेकडे लेखी परवानगी मागा. फोटोंचं वेगळं बघावं लागतं. तुमच्याबरोबर मोटरसायकलवर आलेल्या छायाचित्रकाराला विचारल्याशिवाय, त्याचं नाव आणि मानधन ठरवल्याशिवाय त्याचा फोटो पुस्तकात घालू नका.

पुन्हा गावात जाणं

आता मुख्य काम. कात्रणं तारखेवार लावून शिवली की पुस्तक होत नाही. वाचकाला त्या दिवशीचा संदर्भ राहिलेला नसतो. बातमीत 'कालच्या बैठकीत' असतं, 'संबंधित अधिकारी' असतात, 'सूत्रांनी सांगितलं' असतं. वीस वर्षांनी यातलं काही टिकत नाही. म्हणून माझा नियम असा आहे: कात्रण हा पत्ता समजायचा, आणि त्या पत्त्यावर पुन्हा जायचं.

किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण देते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला धक्का बसला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, लोक उशिरा झोपले होते. त्या भागातली जुनी घरं माळवदाची: दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जड थर. झोपेत असलेल्या माणसांवर ती घरं कोसळली. मृतांचा सरकारी आकडा ७,९२८ आहे. आजही ठिकठिकाणी 'सुमारे दहा हजार' असं छापलेलं सापडतं. बातमीत घाईत एकच आकडा जातो. पुस्तकात दोन्ही द्या आणि कोणता कुणाचा ते सांगा.

त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घराचं क्षेत्र जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. घरवाटपाच्या बातम्या सगळ्यांनीच केल्या, मीही केल्या. किती घरं, कुणाच्या हस्ते, कार्यक्रमाला कोण होतं. त्या दिवसापुरत्या त्या पुऱ्या होत्या.

पुस्तकासाठी त्याच गावांत परत गेले तेव्हा कार्यक्रमाबद्दल कुणाला एक शब्द विचारला नाही. एका आजींच्या घरी, लहान घर होतं, एवढंच विचारलं, "आजी, ज्वारी कुठं ठेवता?" त्यांनी हाताला धरून आत नेलं. पलंगाखाली पोती, कोपऱ्यात पोती, देवाच्या फळीखाली एक. म्हणाल्या, "जुन्या घरात बळद होतं बाई. दोन सालाची जवारी बसायची. हितं पोतं ठिवलं की पाय ठिवायला जागा न्हाई." मग गुरांचं निघालं. गोठ्याला जागा नव्हती म्हणून समोर पत्रा टाकला होता. मग शेताचं निघालं. गाव सरकल्यामुळे शेत लांब पडलं, सुनेला भाकरी घेऊन जायला वेळ लागायचा, म्हणून ती सकाळीच दोन्ही वेळच्या भाकरी थापायची. साठवायला जागा नाही म्हणून सुगीतच ज्वारी विकावी लागायची, आणि उन्हाळ्यात तीच विकत आणायची, असंही त्या घरात कळलं.

एका प्रश्नातून एक प्रकरण मिळालं. पण प्रकरण लिहायला एवढं पुरत नाही. पुढचं काम हे: तोच प्रश्न वेगवेगळ्या क्षेत्रफळाच्या घरांत विचारायचा. मोठं घर मिळालेल्याचं उत्तर वेगळं येतं, भूमिहीनाचं आणखी वेगळं. त्याच्याकडे साठवायला ज्वारीच नव्हती. सुगीतले आणि उन्हाळ्यातले भाव बाजार समितीच्या नोंदीतून काढायचे. पुनर्वसनाचा आराखडा मिळवायचा आणि त्यात गोठा, धान्य, शेताचं अंतर यांचा विचार कुठवर झाला होता ते पाहायचं. आराखडा करणाऱ्यांनाही भेटायचं. उघड्यावर राहिलेल्या हजारो कुटुंबांना लवकरात लवकर पक्कं छप्पर देण्याची घाई होती, हे त्यांचं म्हणणं खरं होतं आणि पुस्तकात ते यायलाच हवं. नवी घरं पुन्हा माणसांवर कोसळू नयेत म्हणून बांधली होती, हेही विसरू नका.

नाव छापण्यासाठी पुन्हा परवानगी घ्या. भूकंपाच्या आठवड्यात बोललेली माणसं शुद्धीवर नव्हती. तेव्हाचा होकार आयुष्यभर धरता येत नाही. ज्यांचे आईबाप गेले ती मुलं आता संसारात आहेत. त्यांच्यावरचा मजकूर त्यांना वाचून दाखवा. वाचून दाखवताना लोक तपशील दुरुस्त करतात आणि बहुतेक वेळा नवीन काहीतरी सांगतात. कुणी नाव काढायला सांगितलं तर काढा, कारण विचारू नका.

कागदपत्रं

जिल्हा जनगणना पुस्तिका, जिल्हा गॅझेटिअर, विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील खंड, हे तीन आधी बघा. लातूरच्या पाण्यावर सभागृहात कोण काय बोललं ते शब्दशः मिळतं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय इथे जुन्या गोष्टी निघतात. जिल्ह्याच्या गावी नगर वाचनालय असतंच; तिथल्या ग्रंथपालाशी ओळख ठेवा, त्याला कपाटांची माहिती असते.

माहितीचा अधिकार वापरायचा तर अर्ज असा लिहा की नकार देणं अवघड व्हावं. 'का केलं' विचारू नका, कागदाची प्रत मागा: अमुक तारखेचं इतिवृत्त, अमुक वर्षाची लाभार्थी यादी. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. विषय चार असतील तर अर्ज चार करा.

दिवाळी अंक

थेट पुस्तकाला हात घालण्याआधी त्यातलं एक प्रकरण दिवाळी अंकासाठी लिहा. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत दीर्घ लेखाला ही हक्काची जागा आहे. चारशे शब्दांची सवय झालेल्या हाताला पाच-सहा हजार शब्द पेलतात का, हे इथे कळतं. संपादक लेख साधारण उन्हाळ्यात ठरवतात, पावसाळ्यात हातात मागतात. दसऱ्याला फोन करून उपयोग नाही. लेख आल्यावर वाचकांची पत्रं येतात आणि त्यांतून नवे धागे मिळतात. ती पत्रं जपा.

लिहिताना बातमीची घडण सोडावी लागते. बातमीत महत्त्वाचं आधी आणि किरकोळ शेवटी. पुस्तकाच्या प्रकरणात वाचकाला गावात शिरू द्या, माणसं भेटू द्या, मग निष्कर्षाकडे जा. 'यावेळी मान्यवर उपस्थित होते' छापाची वाक्यं आपल्याही नकळत येतात. संहिता मोठ्याने वाचली की ती कानाला लागतात.

प्रकाशक

डेमी आकाराच्या पानावर साधारण तीनशे शब्द बसतात. साठ हजार शब्दांचं पुस्तक म्हणजे दोनशेच्या घरात पानं, सोळा पानांचा एक फॉर्म धरला तर साडेबारा फॉर्म. प्रस्तावना आणि सूची धरून तेरा-चौदा. हा हिशेब करून प्रकाशकाकडे गेलात तर बोलणं नीट होतं. रॉयल्टीची टक्केवारी, पहिल्या आवृत्तीच्या प्रती, ई-पुस्तक आणि भाषांतराचे हक्क, आवृत्ती संपल्यावर किती काळात पुनर्मुद्रण नाही केलं तर हक्क तुमच्याकडे परत येणार, हे सगळं करारात लिहून घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तक छापून झाल्यावर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या अन्य सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. ती गेली का, हे तुम्ही विचारा. जिल्ह्याच्या विषयावरचं पुस्तक पन्नास वर्षांनी कुणाला हवं असेल तर तिथेच सापडेल.

संपादकपद सांभाळून ग्रंथलेखन केलेली माणसं मराठीत झाली. 'मराठवाडा'चे अनंत भालेराव हैदराबादच्या लढ्यात स्वतः होते आणि त्यांनी त्या लढ्याचा इतिहास लिहिला. 'महाराष्ट्र टाइम्स'चे गोविंद तळवलकर अग्रलेखांबरोबर जाडजूड ग्रंथ लिहीत राहिले. पी. साईनाथ यांनी देशातल्या गरीब जिल्ह्यांतून पाठवलेल्या बातम्यांचं पुस्तक १९९६ साली आलं, आणि ते शिकवतातही. तिघांच्या लिखाणात सारखी गोष्ट म्हणजे आकड्याला माणूस आणि माणसाला काळ जोडलेला असतो. तरुणांनी त्यांना या नजरेने वाचावं.

वर्गात

विद्यापीठात बोलावणं येतं तेव्हा बहुतेकजण आपली गाजलेली कात्रणं घेऊन जातात. मी वही नेते. एका दिवसाच्या नोंदींची झेरॉक्स सगळ्यांना द्यायची, छापलेली बातमी दाखवायची नाही, आणि चाळीस मिनिटांत दोनशे शब्दांची बातमी मागायची. मग सगळ्यांच्या बातम्या भिंतीवर लावायच्या. कुणी कोणती ओळ आधी घेतली, कुणी काय गाळलं, यावर तासभर बोलणं होतं, आणि ते माझ्या व्याख्यानापेक्षा उपयोगी असतं. छापलेली बातमी शेवटी दाखवायची, तीही तपासायला.

दुसरं, मुलांना ग्रामसभेला पाठवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास बहुतेक गावांत ग्रामसभा होतात. मुलांनी तिथे प्रत्यक्ष जे पाहिलं ते लिहायचं आणि नंतर इतिवृत्ताची प्रत मिळवून दोन्ही शेजारी ठेवायचं. किती बायका बोलल्या आणि किती जणींची सही आहे, एवढ्या एका तुलनेवर उत्तम बातम्या आल्या आहेत.

तिसरा धडा अवघड आहे आणि तो दुसऱ्या सत्राआधी देऊ नका. शेतकरी आत्महत्येच्या कुटुंबाला मिळणाऱ्या मदतीचा १९ डिसेंबर २००५चा शासन निर्णय वर्गात ओळीने वाचायचा. मदत एक लाखाची, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. पात्र ठरायला जमीन, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांचे कागद लागतात. मग मुलांना विचारायचं: सातबारा वडिलांच्या नावे आणि कर्ज खासगी सावकाराचं चिठ्ठीवरचं असेल तर या घराचं काय होईल? सरकारी यादीतल्या 'अपात्र' रकान्यात कोणती घरं बसतात? हे समजल्यावरच त्या घरी जायचं, तेही तेराव्यानंतर, कॅमेरा गाडीत ठेवून, आणि पहिला अर्धा तास काही न विचारता. कुणाला हे झेपत नसेल तर त्याला कागदपत्रांचं काम द्या आणि त्याचे गुण कापू नका.

गुण देताना मी बाहेर जाण्याआधी लिहिलेल्या प्रश्नांना बातमीइतकंच महत्त्व देते. 'तुम्हाला कसं वाटतंय' हा प्रश्न यादीत असेल तर यादी परत करते. शुद्धलेखन तपासते, पण लाल पेनाने शब्द बदलून देत नाही. समासात कारण लिहिते, दुरुस्ती त्यांनी करायची. तांड्यावरून, वस्तीवरून आलेली मुलं पहिल्या महिन्यात गप्प असतात, कारण आपली बोली चुकीची अशी त्यांची समजूत झालेली असते. त्यांना त्यांच्याच भागातला विषय द्या. बाहेरच्या बातमीदाराला तिथे पोचायला वर्ष लागेल, त्यांना एक फोन लागतो.

नेमणुकीचं म्हणाल तर नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी नसेल तरी वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, पदवीची अट नाही, मुदत सगळी धरून चार वर्षांहून जास्त नाही. होकार देण्याआधी विभागप्रमुखांना तीन गोष्टी विचारा: मुलांना गावोगाव न्यायला प्रवासखर्च मिळेल का, ग्रंथालयात जुन्या दैनिकांच्या फायली आहेत का, आणि एका वर्गात किती मुलं असतील. तीसच्या वर असतील तर प्रत्येकाची वही तपासणं होत नाही, तेव्हा दोन तुकड्या मागा आणि ते नेमणूकपत्रात लिहून घ्या.